भिंत, पीठ आणि ब्राऊन पेपर : वारली चौकाचा एक इतिहास

आजच्या व्याख्यानाला मी चार वस्तू बरोबर आणल्या आहेत. टेबलावर दिसतायत त्या. एका वाटीत तांदळाचं पीठ, एका पुडीत गेरू, ही बांबूची काडी, आणि हा गुंडाळलेला ब्राऊन पेपर. जून महिन्यात मुलांच्या वह्या-पुस्तकांना कव्हरं घालायला आपण आणतो, तोच. हस्तकलेच्या वस्तू मिळतात त्या कुठल्याही दुकानात जा, यातलं सगळं थोड्याशा पैशांत मिळेल. काडी तर फुकटच.

या मालिकेत आपण निसर्गातून सुचलेली चित्रं आणि रोजच्या वापरातलं साहित्य यांचा संबंध बघतो आहोत. आज त्यातलं एकच उदाहरण घेऊ या, वारली चित्रांचं. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात वारली चित्र कुठल्या ना कुठल्या रूपात आहे. कुर्त्याच्या काठावर असेल, कुंडीवर असेल, नाहीतर मुलांच्या शाळेच्या प्रोजेक्टमध्ये तरी असेलच. त्रिकोणांची माणसं, तारप्याभोवती फिरणारा नाच, ताडाची झाडं. एवढं ओळखीचं झालं आहे की त्याला काही इतिहास असेल असं वाटतच नाही. आदिवासी हजारो वर्षं हेच काढत आले, असं म्हणून आपण मोकळे होतो.

माझं म्हणणं असं की आज आपण ज्याला वारली चित्र म्हणतो, त्याला पन्नास-पंचावन्न वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू हा ब्राऊन पेपर आहे. पण त्याच्याकडे येण्याआधी भिंतीकडे जायला हवं.

भिंत

डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड हा आताच्या पालघर जिल्ह्याचा भाग. २०१४ पर्यंत तो ठाणे जिल्ह्यात होता. इथलं जुनं वारली घर म्हणजे कुडाचं घर. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि त्यावर माती आणि शेण एकत्र करून लिंपायचं. शेण का? शेणात न पचलेल्या गवताचे बारीक तंतू असतात. नुसती माती वाळली की तडकते, हे तंतू तिला धरून ठेवतात. वरून पृष्ठभाग थोडा खरबरीत राहतो. त्यावर गेरूचा हात फिरवला की भिंत तांबूस-तपकिरी होते. घरात खिडक्या फारशा नाहीत, चूल आत, त्यामुळे धुराने ती दिवसेंदिवस आणखी काळपट होत जाते.

आता अशा भिंतीवर काय काढलं तर दिसेल? पांढरं. आणि पांढरं काय घरात आहे? तांदूळ. हा सगळा भातशेतीचा मुलूख. म्हणजे रंग निवडला असं म्हणण्यापेक्षा, भिंतीने आणि शेताने मिळून तो ठरवून दिला.

तांदूळ वाटून पाण्यात कालवायचा आणि बांबूच्या काडीचं टोक चावून, ठेचून त्याचा कुंचला करायचा. ज्यांच्या घरी आजी ओल्या पिठाची रांगोळी घालायची त्यांना पुढची गोष्ट माहीत असेल. पिठाची रेघ ओली असताना धड दिसतच नाही. पाणी उडून गेलं की ती हळूहळू पांढरी होते. म्हणजे काढणारीला आपण काय काढतोय ते त्या क्षणी पूर्ण दिसत नसतं. हात आधी पुढे जातो, चित्र मागून येतं. खोडरबर नाही, बारीक छटा नाहीत. म्हणून आकार सोपे, सरळ, हाताला पाठ असलेले. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की धड, वर गोल म्हणजे डोकं, काड्यांचे हातपाय. आपण याला साधेपणा म्हणतो. तो साधेपणा आहेच, पण त्यामागे साहित्याचं गणितही आहे.

आणि ही रेघ टिकत नाही. पिठात चिकट असं वेगळं काही घातलेलं नसतं. खरबरीत शेणामातीत ती जेमतेम धरून राहते, मग पोपडे पडतात, एखाद्या पावसाळ्यात ओल येते आणि गेलं. कोणाला त्याचं वाईट वाटत नसे, कारण चित्र टिकवण्यासाठी काढलेलंच नव्हतं. ते लग्न लावण्यासाठी काढलेलं होतं.

लग्न

हा लग्नचौक. घराच्या आतल्या भिंतीवर सवाशिणी तो काढतात. चौकोनी चौकट, तिच्या किनारीला नक्षीच्या ओळी, आणि मध्ये पालघट देवी. ही पिकापाण्याची, झाडापाल्याची, जननाची देवी. भोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी, घोड्यावर बसलेले नवरा-नवरी, झाडं. शेजारी एक लहान चौक, त्यात पंचशिऱ्या देव. धवलेरी गाणी म्हणतात, भगत येतो. चौक झाल्याशिवाय लग्न पुरं होत नाही.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. एक, हे काम बायकांचं होतं. दोन, ते कधीही उठून करायचं काम नव्हतं. लग्न असेल तर चौक, नाहीतर नाही.

आणि लग्न ही वारल्यांच्या घरात साधी गोष्ट नव्हती. इथे आपल्याला कलेच्या इतिहासातून थोडं बाहेर पडून कर्जाच्या इतिहासात जावं लागतं. लग्नाला पैसा लागे, तो सावकार-जमीनदाराकडून घ्यावा लागे, आणि त्याच्या बदल्यात तो माणूस आणि त्याची बायको त्या जमीनदाराकडे राबायला बांधले जात. अशा माणसाला शब्दच होता, ‘लग्नगडी’. कित्येकांचा सगळा जन्म त्यात गेला. म्हणून पुष्कळ जोडपी लग्नाचा खर्च जमेपर्यंत तशीच एकत्र राहत, मुलंबाळं होत, आणि मग केव्हातरी लग्न लागे. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने जो वारल्यांचा लढा उभा केला, त्यात वेठ आणि ही लग्नगड्याची पद्धत मोडणं ही मुख्य मागणी होती. गोदूताईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली आलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचा.

मला इथे काय सांगायचं आहे ते बघा. ‘चार पैशांच्या साहित्यातून साकारलेली सुंदर कला’ असं वाक्य आपण वारली चित्रांबद्दल अनेकदा ऐकतो. साहित्य खरंच चार पैशांचं होतं. पीठ मूठभर, गेरू मूठभर. पण ज्या प्रसंगासाठी ते पीठ भिंतीवर जात होतं, त्या प्रसंगाची किंमत कधीकधी माणसाचं स्वातंत्र्य ही होती. आणि ज्या घरात पावसाळ्याच्या अखेरीला धान्य संपून कडूकंदावर दिवस काढावे लागत, तिथे तांदूळ वाटून भिंतीला लावणं हीसुद्धा किरकोळ गोष्ट नव्हती. त्या पांढऱ्या रेघेत एक इच्छा आहे. घर भरलेलं राहो, पीक येवो, मूल होवो. ती सजावट नाही.

कागद

आता ब्राऊन पेपर. त्याची गोष्ट मात्र डहाणूत सुरू होत नाही, ती बिहारमध्ये सुरू होते.

१९३४ च्या जानेवारीत बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. मधुबनी भागात घरं पडली. तिथले इंग्रज अधिकारी डब्ल्यू. जी. आर्चर पाहणीला फिरत होते. पडलेल्या भिंतींच्या आत त्यांना चित्रं दिसली. ही चित्रं घराच्या आतली, बायकांनी काढलेली, परक्या पुरुषाच्या नजरेला कधी न पडणारी. भिंती कोसळल्या म्हणून ती उघड्यावर आली. आर्चरनी फोटो घेतले आणि १९४९ साली ‘मार्ग’ या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. मिथिलेतही मुख्य चित्र लग्नाचंच. कोहबर, म्हणजे वरवधूच्या खोलीतलं. कमळ, बांबू, मासे, कासव, पोपट. निसर्ग तोच, हेतूही तोच.

पुढे १९६६-६७ मध्ये बिहारात भीषण दुष्काळ पडला. अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी ठरवलं की या बायकांना भिंतीवरचं कागदावर काढायला द्यावं, म्हणजे ते विकता येईल, घरात दोन पैसे येतील. कागद घेऊन तिथे कोणाला पाठवलं? मुंबईच्या एका चित्रकाराला. त्यांचं नाव भास्कर कुलकर्णी. मधुबनीजवळच्या जितवारपूरसारख्या गावांत ते घरोघर फिरले. आणि काही वर्षांनी, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, हाच माणूस डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर कागद घेऊन फिरताना दिसतो. म्हणजे देशातल्या दोन मोठ्या भित्तिचित्र परंपरा भिंतीवरून कागदावर उतरल्या, आणि दोन्हीकडे तोच एक मराठी माणूस होता. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं घेतलं जात नाही.

कागदात एक फरक मात्र होता. मिथिलेत काळी आणि रंगीत रेघ होती. काजळ, हळद, पळसाची फुलं. त्यामुळे तिथे पांढरा कागद चालला. वारल्यांना पांढऱ्या कागदाचा उपयोग काय? पांढऱ्यावर पांढरं दिसणार कसं? त्यांना भिंतीच्या रंगाचा कागद हवा होता. तो म्हणजे हा. (ब्राऊन पेपर उलगडून दाखवतात.) लांबून बघा, गेरू-शेणाची भिंतच वाटते. दुकानात पुडी बांधायचा कागद एका कलेचा आधार झाला तो या रंगामुळे.

पीठ मात्र कागदावर टिकेना. कागद गुळगुळीत, शिवाय गुंडाळला जातो, पीठ झडून जातं. मग पिठात डिंक आला. पुढे पिठाची जागा पांढऱ्या पोस्टर कलरने घेतली, त्यात फेव्हिकॉल आला. कागदाच्या जागी कापड आलं. आणि त्या कापडाला पुन्हा शेणाने किंवा गेरूने सारवून घ्यायला लागले. ही गंमत बघा. भिंत सुटली, पण भिंतीचा हात सुटला नाही. मिथिलेतही असंच घडलं. जितवारपूरच्या जमुनादेवी या दलित चित्रकर्तीने कागदाला शेणाचा हात द्यायला सुरुवात केली आणि पांढऱ्या कागदाची चकाकी मातीच्या जवळ आणली. आज ज्याला मिक्स्ड मीडिया म्हणतात, शेण, डिंक, कापड, बाजारचा रंग असं सगळं एकत्र, ते कुठल्या आर्ट कॉलेजातून आलेलं नाही. एका जागेवरची वस्तू दुसऱ्या जागेवर टिकवायची कशी, या अडचणीतून ते आलं.

नाव

आता मुख्य प्रश्न. दोन्हीकडे चित्रं बायकांची. दोन्हीकडे कागद. मग मिथिलेतून जी नावं पुढे आली ती जगदंबादेवी, सीतादेवी, गंगादेवी, महासुंदरीदेवी, सगळ्या बायकाच. आणि वारल्यांमधून जे नाव पुढे आलं ते जिव्या सोमा म्हसे.

आधी एक स्पष्ट करतो, जिव्यांचं मोठेपण कमी करायचा माझा हेतू नाही. १९३४ चा त्यांचा जन्म. म्हणजे बिहारच्या भूकंपाच्या वर्षीचा. वारल्यांचा लढा झाला तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे. लहानपणी आई गेली, आणि त्यानंतर बराच काळ हा मुलगा बोलत नव्हता, मातीत चित्रं काढून सांगायचा, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. डहाणू तालुक्यात गंजाडच्या कळंबीपाड्यावर ते राहत. भास्कर कुलकर्णींनी त्यांचा हात ओळखला. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड दालनात त्यांची चित्रं लागली, नंतर राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, चित्रं परदेशात गेली. २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताबरोबर त्यांचं प्रदर्शन झालं. २०११ साली पद्मश्री मिळाली. योगायोग असा की त्याच वर्षी मिथिलेच्या महासुंदरीदेवींनाही पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये जिव्या गेले.

त्यांनी काय केलं? चौकाची चौकट सोडली. पालघटाभोवती जे जग कोपऱ्यात होतं, ते त्यांनी कागदभर पसरलं. मासे पकडायचं जाळं घ्या. बारीक रेघांनी विणलेलं असं प्रचंड जाळं, सगळा कागद व्यापणारं, आणि त्याच्या कडेला चिमुकली माणसं. मुंग्या, पाखरं, भाताच्या लावण्या, ठिपक्याठिपक्यांनी हलणारं रान. हे भिंतीवर नव्हतं. हे त्यांचं स्वतःचं आहे.

पण मग बायका कुठे गेल्या? मला तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण विधीचं. चौक हे लग्नाचं अंग. लग्न नसताना, विकण्यासाठी पालघट काढायची हे सवाशिणींना कसं पटावं? पुरुषावर ते बंधन नव्हतं. जो विधीचा मालक नव्हता, तोच विधीबाहेर चित्र काढायला मोकळा होता.

दुसरं कारण साहित्याचं. भिंतीवरचा चौक चार-पाच जणी मिळून काढतात. एक किनार धरते, दुसरी आतलं भरते, गाणं चालू असतं. कागद जमिनीवर पसरून एकट्याने करायचं काम आहे. कागदाला एक हात पुरतो. आणि कागदाला कोपरा असतो, तिथे सही करता येते. भिंतीला सहीचा कोपरा नसतो. सहा जणींनी काढलेल्या चौकावर नाव कोणाचं घालणार?

तिसरं कारण वेळेचं आणि वाटेचं. शेतावर राबणाऱ्या, पाणी-लाकूड आणणाऱ्या बाईला लग्नघरात दोन दिवस मिळतात ते गावाने दिलेले असतात. रोज चार तास कागदापुढे बसायला तिला कोण देणार? आणि मुंबईची वाट, सरकारी ओळख, गिऱ्हाइकाशी बोलणं, हे सगळं पुरुषाच्या हातात.

आता तुम्ही म्हणाल, मिथिलेच्या बायकांना तरी हे कुठे सोपं होतं? रास्त शंका आहे. सोपं नव्हतंच. पण तिथे दुष्काळाने दारात उपासमार आणली होती. आणि सुरुवातीला ज्यांनी कागद हाती घेतला त्या ब्राह्मण-कायस्थ घरच्या, शेतावर न जाणाऱ्या, पडद्यात राहणाऱ्या बायका होत्या. घराबाहेर न पडता करता येईल असं दुसरं काम त्यांना नव्हतं. कागद घरात आला म्हणून त्यांचं जमलं. नंतर त्याच कागदामुळे त्या घराबाहेर पडल्या. गंगादेवी तर अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या आणि तिथलं जे पाहिलं तेही त्यांनी मिथिलेच्या रेघेत काढलं. म्हणजे वस्तू तीच असली तरी ती कोणाच्या दारात, कोणत्या वेळी येते, यावर पुढचा इतिहास ठरतो. सगळं श्रेय किंवा सगळा दोष कागदाला देता येणार नाही.

२०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकन, म्हणजे आपण ज्याला जीआय म्हणतो ते मिळालं. चांगली गोष्ट आहे. पण मानांकन नावाला आणि प्रदेशाला संरक्षण देतं. पहिला चौक कोणी काढला, तारप्याचा फेर पहिल्यांदा कोणाच्या हातून उतरला, ते त्यात येत नाही. येऊही शकत नाही, कारण त्या बायकांची नावं कुठे नोंदलेलीच नाहीत. आज वारली मुली आणि बायका कागदावर, कापडावर काम करताहेत, सह्या करताहेत. माझ्या दृष्टीने गेल्या पन्नास वर्षांतली ती सगळ्यात महत्त्वाची घडामोड आहे. त्या काही नवीन शिकलेल्या नाहीत, आपल्या आजीचं काम परत हातात घेताहेत.

जाता जाता एक शब्द. मिथिलेत चित्र ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’. त्यांचा शब्द आहे लिखिया. आपल्या जुन्या मराठीतही चित्र लिहिणं असाच प्रयोग होता. हे ध्यानात घेतलं की भिंतीवरचा चौक वेगळा दिसायला लागतो. ज्यांना शाळेत कोणी अक्षर शिकवलं नाही, त्या बायकांनी लिहिलेलं ते एक पान आहे.

थांबतो इथे. एखाद-दुसरा प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, आम्हाला मुलांबरोबर घरी करून बघायचं असेल तर काय करावं? आणि करावं का?

जरूर करावं. जुनी सुती चादर घ्या, चौरस कापा. गेरू पाण्यात कालवून त्यात थोडा डिंक घाला, कापडाला दोन हात द्या, सावलीत वाळू द्या. तांदळाचं पीठ वस्त्रगाळ करून घ्या, नाहीतर काडी अडते. एका तुकड्यावर नुसतं पीठ लावा, दुसऱ्यावर डिंक घालून लावा, आणि दोन्ही वाळल्यावर झटकून बघा. मुलांना दहा मिनिटांत कळेल की भिंतीवरून कागदावर येताना काय अडचण आली होती. पिठाचं चित्र ओलीत ठेवू नका, बुरशी येते, आणि झुरळं-कसर त्याच्यावर टपलेली असतात.

काय काढावं, याबद्दल माझं मत सांगतो. छापील नमुन्यावरून तारपा नाच उतरवून घेऊ नका. तुमच्या खिडकीतून जे झाड दिसतं ते काढा, मग ती गुलमोहराची फांदी असो की बाल्कनीतली तुळस. आणि पालघट काढू नका. ती कोणाच्या तरी लग्नाची आहे. ते लग्न आपल्या घरी नाही.